सायकल सवाल-जवाब : कार्बनची सीटपोस्ट किती टिकते आणि जपायची कशी

गेल्या अंकात मी फक्त एक ओळ लिहिली होती, की एमटीबीला, म्हणजे डोंगराळ रस्त्याच्या सायकलला, कार्बनची सीटपोस्ट (सीटखालची फ्रेममध्ये जाणारी नळी) असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी ती एकदा पूर्ण बाहेर काढून बघत जा. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, जे सारखे सारखे आले ते घेतलेत आणि लांबलचक होते ते थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : माझी अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची हार्डटेल आहे, म्हणजे मागं सस्पेन्शन नसलेली एमटीबी, वजन माझं ८६ किलो. भावानं पुण्याहून कार्बनची सीटपोस्ट आणून दिली, २७.२ एमएमची. आमच्या सकाळच्या ग्रुपमधले म्हणतायत की कार्बन म्हणजे काच, कधी फुटंल नेम नाही आणि फुटली की अंगात घुसती. मी नान्नजकडं माळरानाच्या कडंनं मुरमाच्या रस्त्यानं लै जातो. लावू का नको? — जुळे सोलापूर

उत्तर : लावा. पण आधी ही काय चीज आहे ते समजून घ्या, कारण ग्रुपमधले सांगतायत त्यात भीती जास्त आणि माहिती कमी आहे.

आपण चादरीच्या गावातली माणसं, त्यामुळं हे आपल्याला लवकर कळेल. कार्बनची नळी म्हणजे धागेच असतात, केसापेक्षा बारीक, ते थरावर थर वेगवेगळ्या दिशेनं बसवलेले असतात आणि त्यांना धरून ठेवायला इपॉक्सी, म्हणजे धाग्याला खळ देतात तसं समजा, फक्त ही खळ एकदा कडक झाली की परत विरघळत नाही. आता धागा ओढून बघा, तुटत नाही. तोच धागा दोन दगडांमध्ये ठेचला तर लगेच तुटतो. सीटपोस्टचं हुबेहूब तेच आहे. तुम्ही सीटवर बसलात, खड्ड्यात आदळलात, पोस्ट मागं वाकली, परत सरळ झाली, हे काम ती वर्षानुवर्षं करते आणि खरं सांगायचं तर या बाबतीत कार्बन अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उजवं आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमला प्रत्येक धक्क्याचा थोडा थोडा थकवा साठत जातो आणि चांगल्या कार्बनच्या नळीला तो फार कमी साठतो. पण तिला बाजूनं दाबलं, ठेचलं, एखाद्या धारेवर रगडलं की ती खचते.

मग लोकांच्या मोडतात त्या कुठं मोडतात? माझ्याकडं आतापर्यंत ज्या आल्या त्या बहुतेक सगळ्या क्लॅम्पजवळ, म्हणजे पोस्ट आवळून धरणाऱ्या पट्ट्याजवळ मोडलेल्या, फ्रेममधून पोस्ट जिथं बाहेर पडते तिथंच, नाहीतर वर सीटच्या रेल्स, म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या, पकडणाऱ्या जबड्यापाशी. खड्ड्यानं मोडल्यासारखं दिसतं, पण सुरुवात आधीच कुणाच्या तरी पान्यानं झालेली असते.

तुमच्या मित्रांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे आणि ते मी झाकणार नाही. अ‍ॅल्युमिनियम बऱ्याच वेळा आधी वाकतं, आपल्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. कार्बन वाकून सांगत नाही, गेलं की एकदम जातं. म्हणूनच बघत राहणं महत्त्वाचं, ते कसं बघायचं ते खाली एका ताईंच्या प्रश्नात सांगितलंय.

लावताना दोन गोष्टी नक्की बघा. पोस्टवर कमीत कमी किती आत जायला पाहिजे त्याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये, आणि तेवढ्यावर पण थांबू नका, पोस्टचं खालचं टोक फ्रेमच्या आडव्या नळीच्या जोडाच्या खाली गेलं पाहिजे, कारण काही फ्रेममध्ये सीटची नळी जोडाच्या वर बरीच आलेली असते आणि तिथं नुसती रेघ पाळून भागत नाही. दुसरं म्हणजे, पोस्ट कुणाची आहे ते बघा. वरचं चौकडीचं विणकाम हे बऱ्याच वेळा नुसतं दिसायला असतं, त्यावरून ताकद कळत नाही. सायकलच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० म्हणून मानक आहे, त्याच्या नवव्या भागात सीट आणि सीटपोस्टच्या चाचण्या दिल्यात, त्या केल्याचं सांगणारी आणि सोबत कागद देणारी कंपनी असेल तर घ्या, नावगाव नसलेली स्वस्तातली घेऊ नका. ८६ किलोला घाबरायचं कारण नाही, फक्त कंपनीनं वजनाची मर्यादा दिली असेल तर त्या कागदावर वाचून घ्या.

प्रश्न : दादा, माझी पोस्ट राइडमध्ये खाली घसरते. हिप्परग्याला जाऊन येईपर्यंत बोटभर खाली. सायकलवाल्यानं काढून मस्त ग्रीस लावून दिलं तर अजूनच घसरायला लागली. मग मी एलन कीला पाइप लावून आवळली, आता घसरत नाही पण भीती वाटतेय. — होटगी रोड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : अरे बाबा, आधी तो बोल्ट सैल कर. हे वाचून होईपर्यंत पण थांबू नकोस, सैल कर आणि मग पुढचं वाच.

तुझा दोष नाही, ही आपल्या गावाची सवय आहे. आपल्याकडं सायकल म्हणजे मिलचा भोंगा झाला की रस्त्यावर येणारी काळी सायकल, लोखंडी दांडी, लोखंडी नट, आणि 'कच्चून आवळ' हाच धडा. माझ्या वडिलांनी मला पाना धरायला शिकवला तेव्हा पण हेच शिकवलं, की हात दुखेपर्यंत आवळायचं. लोखंडाला ते चालत होतं. मी पण तोच हात घेऊन कार्बनवर गेलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पोस्टचा बोल्ट मी नुसत्या अंदाजानं आवळत होतो आणि हाताखाली बारीक 'कट' असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. बाहेरून काही दिसेना. बाहेर काढून बघितली तर क्लॅम्पच्या ओळीत एक पांढरट रेघ, नखाएवढी. पोस्ट नवी होती, एक किलोमीटर पण चाललेली नव्हती. मी नवीन पोस्ट भरून दिली, आणि त्याच आठवड्यात टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळतोय ते मोजणारा पाना, घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे म्हणून एवढं कळकळून सांगतोय.

आता हिशेब बघ, तू इंजिनिअरिंगचा आहेस. सीट क्लॅम्पच्या बोल्टला कार्बन पोस्टसाठी साधारण ४ ते ६ न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजायचं माप) सांगितलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ५, आणि ते पोस्टवर किंवा क्लॅम्पवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. दोन्हीवर वेगवेगळे आकडे असतील तर कमी असेल तो धरायचा. तुझी छोटी एलन की साधारण ८ सेंटीमीटर लांब धर, तर ५ न्यूटन मीटरसाठी टोकाला फक्त सहा-साडेसहा किलोचा जोर लागतो. तरणा माणूस सहज पंधरा किलोचा जोर लावतो, म्हणजे झाले जवळजवळ १२. आणि तू पाइप लावलास. लांबी तिप्पट केली असशील तर तोच हात ३५ पर्यंत जातो. नळी बिचारी चारी बाजूंनी एवढी दाबली गेली की थर आतल्या आत एकमेकांपासून सुटायला लागतात आणि वरून सगळं चकाचक दिसतं.

घसरण्याचं खरं कारण ग्रीस. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टला धातूच्या फ्रेममध्ये ग्रीस लावतात ते बरोबर, जाम होऊ नये म्हणून. कार्बनला ग्रीस नाही. कार्बनसाठी वेगळी पेस्ट मिळते, तिला कार्बन पेस्ट किंवा ग्रिप पेस्ट म्हणतात, बोटावर घेऊन बघितलीस तर बारीक रवाळ लागते, त्या रव्यामुळं दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात आणि कमी आवळून पण पोस्ट जागेवर बसते. ती ट्यूब छोटीशी येते पण वर्षभर पुरते.

तर असं कर. पोस्ट पूर्ण बाहेर काढ. तुझ्यासारख्या पाइप लावलेल्या पोस्टची आधी तपासणी, खाली लिहिलीय तशी, आणि क्लॅम्पच्या जागी खोलगट वळ किंवा चीर दिसली तर ती पोस्ट परत लावायचीच नाही. ठीक असेल तर मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या दुकानात मिळतं, ते स्वच्छ फडक्यावर घेऊन पोस्टवरचं सगळं ग्रीस पुसून काढ, आणि फ्रेमच्या नळीच्या आतलं पण, काठीला फडकं गुंडाळून, फडकं कोरडं आणि पांढरं बाहेर येईपर्यंत. थिनर, पेंट रिमूव्हर असलं काही वापरू नकोस. फ्रेमच्या तोंडाशी बोट फिरवून बघ, धार लागली तर बारीक पॉलिश पेपरनं मार, तीच धार पोस्ट कापते. मग जेवढा भाग आत जाणार तेवढ्यावर पेस्टचा पातळ हात, लोण्यासारखी थापायची नाही. क्लॅम्पची चीर आणि फ्रेमची चीर एकासमोर एक न ठेवता, फ्रेमची चीर मागं असेल तर क्लॅम्पची पुढं फिरवून बसव, फ्रेमला तसं चालत असेल तर, म्हणजे दाब एकाच रेघेवर येत नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीसचा एक थेंब लाव, कोरड्या आट्या रेंचला फसवतात, रेंच 'टक' करतो आणि क्लॅम्प सैलच असतो. आधी ४ वर आवळ, सीटवर बसून दोन उड्या मार, घसरली तर ४.५, मग ५. छापलेल्या आकड्याच्या पुढं नाही.

आणि एवढं करून पण घसरली तर व्हर्नियर घेऊन पोस्ट मोज, फ्रेम ३१.६ ची आणि पोस्ट ३०.९ ची असं पण मी बघितलंय, डोळ्याला फरक कळत नाही, आणि मग लोक क्लॅम्पलाच दोष देत बसतात.

टॉर्क रेंच एकट्याला महाग वाटतो तर ग्रुपमध्ये पाच-सहा जणांत मिळून एक घ्या. ही एकच गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगतो.

प्रश्न : माझं वय ६१, रोज पहाटे अक्कलकोट रोडला पंचवीस-तीस किलोमीटर करतो, उन्हाळ्यात घामानं चिंब. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, सीटपोस्ट कार्बनची, तीन वर्षांत ती कधी काढलीच नाही. परवा नातवासाठी सीट खाली करायला गेलो तर हलेचना. मेकॅनिक म्हणाला काका पाइप पाना लावून फिरवू, मी नको म्हटलं. बरोबर केलं का? — साखर पेठ

उत्तर : काका, शंभर टक्के बरोबर केलंत. पाइप पान्याचे दात एकदा कार्बनवर बसले की ती पोस्ट संपली.

झालंय असं की तुमची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि पोस्ट कार्बनची. हे दोन एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट पाणी आलं की तिथं बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो, कार्बन सुरक्षित राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तुमचा घाम हेच ते खारट पाणी. अ‍ॅल्युमिनियमची जी पांढरी भुकटी तयार होते ती फुगते, दोघांच्या मधल्या फटीत गच्च बसते, आणि पोस्ट अशी धरली जाते की जणू वेल्डिंग केलंय. क्लॅम्पच्या वर, पोस्ट जिथं आत जाते तिथं खडूसारखी पांढरी कड दिसत असेल बघा.

आता सोडवायची कशी. घाई करायची नाही, दोन दिवस लागतील असं धरूनच बसा. क्लॅम्प पूर्ण सैल करून वर सरकवा. सायकल उलटी करा आणि खालून, पेडलच्या धुऱ्याच्या बाजूनं सीटच्या नळीत जाता येत असेल तर तिथून, नाहीतर सरळ ठेवून वरच्या फटीतून, गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी आपला सोलापुरी टॉवेल घ्या, जाड टर्किशचा, तो चांगल्या गरम पाण्यात बुडवून पिळून फक्त फ्रेमच्या नळीभोवती गुंडाळा, पोस्टवर नाही. पाच-सात मिनिटांनी परत बुडवा, परत गुंडाळा, असं चार-पाच वेळा. गरम झालं की अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि कार्बन जवळजवळ फुगतच नाही, त्यामुळं नळीचं तोंड केसभर का होईना मोठं होतं. तेवढ्यात एकानं फ्रेम पायात घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं सीट दोन्ही हातांनी धरून हळू डावीकडं, हळू उजवीकडं, झटका न देता. वर ओढायचं नाही, आधी फिरवायचं. माझ्याकडं अशीच एक आलेली, सहाव्या टॉवेलला 'चर्रर्र' असा वाळू घासल्यासारखा आवाज आला आणि दोन एमएम फिरली. एकदा फिरली की समजायचं सुटली, मग तेल घालत फिरवत फिरवत वर काढायची.

गॅसची शेगडी, ब्लो टॉर्च, हीट गन, यातलं काही जवळ आणू देऊ नका, इपॉक्सी जळतं. हातोडी पण नाही. टॉवेलनं सुटली नाही तर सोडून द्या आणि अनुभवी माणसाकडं न्या, आणि वेळ पडली तर पोस्ट कापून काढायची तयारी ठेवा, फ्रेम वाचवणं महत्त्वाचं.

सुटल्यावर सगळं तेल पुसून, फ्रेमच्या आतली पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशनं घासून, पेस्ट लावून बसवा. पेस्टमुळं पाणी आत शिरायला पण जागा कमी राहते. आणि इथून पुढं उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी एकदा, तसंच पावसात भिजली की त्या आठवड्यात एकदा, पोस्ट बाहेर काढून पुसून परत लावायची. किती वर होती ते कळायला काढायच्या आधी इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवून ठेवा, पट्टीपर्यंत परत आत ढकलली की उंची जशीच्या तशी. एकूण पंधरा मिनिटांचं काम आहे काका.

प्रश्न : कंबर तलावाजवळ वाळूवरून घसरून पडले. मला फार लागलं नाही पण सायकल मागून दगडावर आपटली, सीट एका बाजूला फिरली आणि पोस्टवर दोन-तीन ओरखडे आलेत. नवरा म्हणतो नुसता रंग गेलाय. कसं ओळखायचं? — विजापूर रोड

उत्तर : ताई, तुम्ही ठीक आहात हे आधी बरं झालं. सीट फिरली हे खरं तर चांगलं लक्षण आहे, म्हणजे धक्क्याचा बराच जोर फिरण्यात गेला. तरी तपासल्याशिवाय त्या सायकलवर बसू नका.

पोस्ट पूर्ण बाहेर काढा, सीट पण सोडवा. भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं धुवून कोरडी पुसा, धुळीत काहीच कळत नाही. मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च पोस्टला अगदी समांतर धरा, वरून नाही, बाजूनं, उन्हं कलल्यावर शेतातली ढेकळं कशी उठून दिसतात तसा प्रत्येक ओरखडा सावली पाडतो. आता ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलंच नाही तर वरच्या लॅकरचा, म्हणजे चकचकीत लेपाचा ओरखडा आहे, नवऱ्याचं बरोबर. नख अडकलं, तर आत काळे धागे तुटलेले दिसतात का बघा, आणि साध्या कापसाचा बोळा सगळ्या पोस्टवरून हलका फिरवा, जिथं धागा वर आलाय तिथं कापसाचे तंतू अडकून राहतात. ही सगळ्यात भरवशाची घरगुती परीक्षा.

नंतर एक रुपयाचं नाणं घ्या आणि पोस्ट दोन बोटांत सैल धरून वरपासून खालपर्यंत बोटभर अंतरानं टिचक्या मारत या. निरोगी नळी सगळीकडं साधारण सारखी 'टक टक' बोलते, जिथं आतले थर सुटलेत तिथं आवाज बसका होतो, 'ठप', बाजारात मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. जाडी जिथं बदलते तिथं, म्हणजे वरच्या डोक्याजवळ, आवाज आपोआप थोडा बदलतो, त्याला घाबरू नका, एकाच उंचीवर चारी बाजूंनी वाजवून तुलना करा. नाण्याला सगळंच कळतं असं पण नाही, म्हणून नाणं, नख, कापूस, टॉर्च, चारही करायचं.

पोस्टभोवती आडवी जाणारी चीर, दाबलं की मऊ लागणारी जागा, क्लॅम्पच्या ठिकाणी पांढरट वळ, यातलं एक जरी दिसलं तरी पोस्ट बाद. उभे बारीक ओरखडे, लॅकरपुरते, हे वर-खाली करताना पडतातच, ते चालतात. शंका राहिली तरी बादच धरा, हे मी दुकानदार म्हणून नाही सांगत, सीटपोस्ट अर्ध्या रस्त्यात तुटली की खाली उरते ती धारदार नळी आणि तुम्ही बरोबर तिच्यावर असता. अ‍ॅराल्डाइट, एम-सील, टेप असलं काही लावून वापरू नका, आणि बाद पोस्ट भंगारात देताना मधून कापून द्या, नाहीतर कुणीतरी गरजू पोरगं ती उचलून लावतं.

रेल्स पकडणारे दोन बोल्ट पण बघून घ्या, पडल्यावर ते कधी कधी वाकतात. त्यांचा टॉर्क वेगळा असतो, तिथं छापलेला बघूनच आवळायचा.

प्रश्न : आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री. कार्बन वितळतं का? सायकल गॅलरीत उन्हात असते. — दमाणी नगर

उत्तर : नाही. सायकलच्या भागांना वापरतात ते इपॉक्सी आपल्या उन्हाच्या बरंच वर गेल्यावर मऊ पडायला लागतं, सोलापूरच्या उन्हानं सीटपोस्टला काही होत नाही. रोजच्या थेट उन्हानं वरचं लॅकर मात्र वर्षानुवर्षांत पिवळट आणि निस्तेज होतं, म्हणून एखादी जुनी चादर टाका. बंद गाडीत काचेमागं दिवसभर ठेवू नका, तिथं बाहेरच्यापेक्षा खूपच तापतं.

प्रश्न : कार्बन पोस्ट लावली की धक्के कमी बसतात म्हणून मी ३१.६ ची घेतली, मला तर काहीच फरक वाटला नाही. फसवलं का? — सात रस्ता

उत्तर : फसवलं नाही, पण अर्धंच सांगितलं. पोस्ट लवचीक होण्यात माल किती आणि आकार किती, यात आकाराचा वाटा फार मोठा आहे. जाड नळी कमी वाकते, म्हणून २७.२ ची पोस्ट ३१.६ पेक्षा जास्त मऊ लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रेमच्या बाहेर किती आलीय. बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाला वाकणं आठपट होतं, त्यामुळं उंच माणसाला लहान फ्रेमवर कार्बन पोस्टचा फरक जाणवतो आणि ज्याची पोस्ट जेमतेम दहा सेंटीमीटर बाहेर आहे त्याला काही कळत नाही, मग ती कितीही महाग असो. फ्रेम ३१.६ ची असेल तर २७.२ ची पोस्ट अ‍ॅल्युमिनियमची शिम, म्हणजे मधली फट भरणारी पातळ नळी, घालून लावता येते, शिमच्या आत आणि बाहेर दोन्हीकडं पेस्ट लावायची, आणि शिमची चीर फ्रेमच्या चिरेबरोबर जुळवायची.

पण त्याआधी टायर बघा. मी रोज बघतो, सव्वादोन इंची जाड टायर आणि त्यात ५०-६० पीएसआय हवा, कारण पंपवाल्याला टणक टायर आवडतो. तिशीच्या आसपास आणून बघा, वजन जास्त असेल तर थोडी वर, आणि रिम जमिनीला लागत नाही ना एवढं बघा. त्यानं जो फरक पडतो तो कुठलीच पोस्ट देत नाही, आणि फुकट आहे.

प्रश्न : उतारावर सीट खाली करायची, चढाला वर करायची, दर राइडला पाच-सहा वेळा. कार्बनला चालेल? — नीलम नगर

उत्तर : नको. दर वेळी मुरमाची धूळ पोस्टला चिकटते, आत-बाहेर करताना ती पॉलिश पेपरचं काम करते, लॅकर जातं आणि मग खालचे धागे. शिवाय उघडझाप करायच्या क्विक रिलीज क्लॅम्पला टॉर्क मोजताच येत नाही. तुमच्यासाठी ड्रॉपर पोस्ट आहे, हँडलवरची कळ दाबली की सीट खाली, वजनाला जड आहे पण कामाची. ड्रॉपरची बाहेरची नळी बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते, ती पण बेताचीच आवळायची, जास्त आवळली तर आतला सरकणारा भाग अडकतो.

प्रश्न : आषाढीच्या आधी आम्ही चौघं सायकलवर पंढरपूरला जाऊन येतो, एक मुक्काम. सीटपोस्टला अडकवायचा कॅरिअर घेतलाय, त्यावर बॅग. दोघांच्या पोस्ट कार्बनच्या आहेत. — अशोक चौक

उत्तर : कॅरिअर कार्बन पोस्टवर लावू नका. त्याचा क्लॅम्प चिमटा घेतल्यासारखा नळीला धरतो, मागं लोंबणारं वजन प्रत्येक खड्ड्यात तिथंच पिळतं, आणि कॅरिअरवाल्या कंपन्या पण बहुतेक वेळा कार्बन नको असं पाकिटावर लिहितात, आपण पाकीट फेकून देतो. जायच्या आधी त्या दोन सायकलींना साधी अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट लावा, स्वस्त आहे, आणि कार्बनची फडक्यात गुंडाळून घरी ठेवा. पोस्ट बदलताना सीटची उंची आणि सीट किती पुढं-मागं आहे ते दोन्ही मोजून कागदावर लिहा, पहिल्या दिवशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आणि सीट बोटभर खाली असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. आणि या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टला फ्रेम धातूची असेल तर ग्रीसच लावायचं, पेस्ट नाही.

सीटच्या मागं बांधायची मऊ बॅग मात्र कार्बनवर चालते. फक्त तिचा पट्टा पोस्टला जिथं घासतो तिथं आधी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पंक्चरवाला फुकट देईल. पट्टा आणि पोस्टच्या मध्ये धूळ बसली की ती दोन दिवसांत लॅकर खाऊन टाकते, त्यामुळं मोहोळला चहाला थांबाल तेव्हा पट्टा सोडून ओल्या फडक्यानं पुसून परत बांधा. परत आलात की तो रबराचा तुकडा काढायला विसरू नका, त्याच्या आत घाम आणि पाणी साठून राहतं.